आत्याचा नंबर: मिरजेतल्या एका परस्पर पोर्टिंगचं प्रकरण

शनिवारी, १० ऑगस्ट २०२४ला सकाळी आत्याचा फोन आला तो शेजारच्या काकूंच्या मोबाईलवरून. "अगं, माझ्या फोनला रेंजच नाही. काल रात्री झोपेपर्यंत होती." मिरजेत पाऊस लागून राहिला होता, आदल्या दिवशी नागपंचमी झालेली. मी पुण्यातून सांगितलं, "टॉवरचं काहीतरी असेल आत्या, फोन एकदा बंद करून चालू कर." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्यापायी आमचे दोन दिवस गेले, आणि त्याच दोन दिवसांत तिच्या खात्यातून ९७,००० रुपये गेले.

आत्या निवृत्त नर्स. वय अडुसष्ट. तिचा नंबर २००५चा, तेव्हापासून एकच. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, पॉलिसी, दवाखान्यातली फाईल, भिशीचा ग्रुप, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं. नोकरीतल्या ओळखीच्या बायकांच्या जुन्या डायऱ्यांमध्ये तिच्या नावापुढे अजून तोच नंबर आहे.

सोमवारी ती कंपनीच्या दुकानात गेली. मुलाने नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "आजी, हा नंबर आमच्याकडे नाहीच. शुक्रवारी रात्री पोर्ट झालाय." पोर्ट कुठे झाला, कुणी केला, हे तो सांगू शकत नव्हता. आत्याने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिने फक्त एवढंच विचारलं, "मी सही केली नाही, अर्ज केला नाही, मग माझा नंबर गेला कसा?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला जवळपास आठवडा लागला.

नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय, म्हणजेच पोर्टिंग, आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०१०ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११पासून देशभर. ३ जुलै २०१५पासून एका सर्कलमधून (मोबाईल सेवेच्या विभागातून) दुसऱ्यात जातानाही नंबर ठेवता येऊ लागला. पद्धत सोपी आहे. आपल्याच मोबाईलवरून 'पोर्ट' आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस १९००ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. १६ डिसेंबर २०१९पासून लागू झालेल्या सुधारित नियमांप्रमाणे कोड देण्याआधीच जुन्या कंपनीच्या नोंदी तपासल्या जातात: बिल थकलंय का, कनेक्शनला ९० दिवस झालेत का, नंबरावर कोर्टाचं काही प्रकरण आहे का. या तपासणीत नंबर पास झाला की कोड मिळतो आणि आपल्या सर्कलमध्ये तो चार दिवस चालतो. सर्कलच्या आत पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात, सर्कलबाहेर पाच. (महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे, मुंबई वेगळं.)

आता यात माणूस कुठे तपासला जातो ते पाहा. जुनी कंपनी पाहते की नंबर मोकळा आहे का. नवी कंपनी पाहते की समोर आलेल्या माणसाकडे स्वतःचं ओळखपत्र आणि चालू असलेला कोड आहे का. जुन्या कंपनीच्या कागदावर ज्याचं नाव आहे तोच माणूस नव्या कंपनीच्या काउंटरवर उभा आहे का, ही गाठ आत्याच्या बाबतीत कुठेच मारली गेली नाही. कोड ज्याच्या हातात, नंबर त्याचा. कोड फक्त मूळ मालकाच्या मोबाईलवर येतो, म्हणजे तो त्याच्याच हातात असणार, असं सगळ्या व्यवस्थेने धरून ठेवलेलं आहे.

आत्याचा मोबाईल मात्र मंगळवारी, ६ तारखेला, चार-पाच मिनिटं दुसऱ्याच्या हातात होता.

छत्रीखालची पाच मिनिटं

हे तिला आठवायला वेळ लागला. "कुणाला ओटीपी सांगितलास का? कुठली लिंक उघडलीस का?" असं मी दहा वेळा विचारलं आणि दहाही वेळा ती खरं सांगत होती, नाही म्हणून. शेवटी मी प्रश्न बदलला. "गेल्या आठवड्यात फोन कुणाच्या हातात दिला होतास का?" तेव्हा ती थांबली. मंगळवारी लक्ष्मी मार्केटमधून भाजी घेऊन येताना रस्त्याच्या कडेला एक मोठी रंगीत छत्री, खाली टेबल, दोन पोरं. "आजी, तुमचं सिम जुनं आहे, ५जी करून देतो, फुकट आहे." आधारची झेरॉक्स तिच्या पर्समध्ये असतेच. एका पोराने झेरॉक्स घेतली, दुसरा म्हणाला, "फोन द्या, सेटिंग करून देतो." तिच्या एका हातात मेथी-कोथिंबिरीची पिशवी, दुसऱ्यात छत्री. तिने फोन दिला. पाच मिनिटांनी त्याने परत दिला आणि सांगितलं, सिम आठ दिवसांत घरी येईल.

त्या पाच मिनिटांत त्याने १९००ला एसएमएस पाठवला, आलेला कोड टिपून घेतला आणि दोन्ही मेसेज पुसले. हा अंदाज आम्ही कागदाने पक्का केला. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क आहे, त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. आम्ही लेखी अर्ज केला. आलेल्या कागदावर ६ ऑगस्टला दुपारी १२ वाजून ९ मिनिटांनी १९००ला गेलेला एक एसएमएस होता. आत्याने आयुष्यात कधी १९००ला मेसेज केलेला नाही. पुढच्या सगळ्या भांडणात तो एका ओळीचा कागद आमच्या सर्वांत जास्त उपयोगी पडला.

आणखी एक गोष्ट तिच्या फोनमध्ये सापडली, तिने मला जास्त अस्वस्थ केलं. इनबॉक्समध्ये न वाचलेले नऊशेच्या वर मेसेज होते, कर्जाच्या आणि साड्यांच्या जाहिराती. त्यांत मंगळवारी संध्याकाळचा एक: आपली पोर्टिंगची विनंती मिळाली आहे. पोर तिथे नव्हता तेव्हा आलेला, म्हणून पुसायचा राहिलेला. म्हणजे व्यवस्थेने तिला सांगितलं होतं. विनंती केल्यापासून २४ तासांत 'कॅन्सल' आणि नंबर असा एसएमएस १९००ला पाठवला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण मेसेज इंग्रजीत होता. आत्या मराठी सातवी आणि मग नर्सिंगचं शिक्षण घेतलेली. औषधांची इंग्रजी नावं ती झरझर वाचते, पण अशी वाक्यं ती उघडतच नाही, कारण इंग्रजीत येतं ते जाहिरातीचंच असतं हे तिने अनुभवाने ठरवलेलं. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. जिथे सहीचा अर्ज लागत नाही आणि एका मेसेजवर सगळी भिस्त आहे, तिथे तो मेसेज माणसाला कळेल अशा भाषेत असायला हवा. मिरजेतल्या बाईला मराठीत असायला हवा.

पैसे कसे गेले

नंबर हातात आल्यावर चोराला बँकेचं काही माहीत असावं लागत नाही. यूपीआयचं ॲप उघडून बँकेचं नाव निवडलं की ॲपच नंबरावरून खातं शोधून देतं. पिन नव्याने बसवायला डेबिट कार्ड हवं, किंवा आधार. आधारवरून पिन बसवताना जे ओटीपी येतात ते आधारला आणि खात्याला जोडलेल्या मोबाईलवर. आत्याचे दोन्हीकडे तेच दहा आकडे. झेरॉक्स त्यांच्याकडे होतीच. घराच्या तीन कुलपांना एकच किल्ली असावी तसं.

नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते. बँकेच्या उताऱ्यावर ती मर्यादा जशीच्या तशी दिसते: शनिवारी सकाळी ५,०००, आणि रविवारी सकाळी, २४ तास उलटल्यावर, ५०,००० आणि ४२,०००. शनिवार महिन्याचा दुसरा, बँक बंद. रविवार बंद. हे दिवस त्यांनी निवडून घेतले असावेत असं मला वाटतं. मंगळवारी अर्ज टाकला की तीन कामाच्या दिवसांनी शुक्रवारची रात्र येते.

व्हॉट्सॲपही त्या नंबराबरोबर गेलं. भिशीच्या ग्रुपवर रविवारी दुपारी आत्याच्या नावाने मेसेज पडला, "दवाखान्यात आहे, थोडे पैसे पाठवता का." एका मैत्रिणीने दोन हजार पाठवले. आत्याने ते पुढच्या महिन्यात स्वतःच्या पेन्शनमधून परत केले, आम्ही नको म्हणत असताना.

सोमवारी दुपारी मी सांगलीची गाडी पकडली. वाटेतूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लावला. तिचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो, पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकण्याआधी अडवता आले तर आले. ९७,०००पैकी ३१,५०० एका खात्यात अडकले, बाकीचे निघून गेले होते. शनिवारी सकाळी मी 'टॉवरचं काहीतरी असेल' म्हणण्याऐवजी दुसऱ्या फोनवरून तिच्या नंबरावर एक रिंग देऊन पाहायला हवी होती. रेंज नसलेल्या फोनचा नंबर जर वाजत असेल, तर तो दुसरीकडे कुठेतरी जिवंत आहे. एवढी साधी परीक्षा. शनिवारीच कळलं असतं तर ५,०००वर भागलं असतं.

तुमचा नंबर तुमच्या नावावर नाही

पैशांपेक्षा नंबर परत मिळवणं अवघड गेलं, याची मला कल्पनाच नव्हती.

जुनी कंपनी म्हणाली, कोड बरोबर होता, पोर्टिंग नियमाने झालं, आता तो नंबर आमचा नाही. नवी कंपनी म्हणाली, या नंबराचा ग्राहक वेगळा आहे, त्याच्या खात्याबद्दल आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होतं आणि मधल्या मध्ये एकोणीस वर्षांची मालकीण रस्त्यावर. मी सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर गेले. आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते तिथे दिसतं, आपलं नसलेलं कनेक्शन तिथे कळवता येतं. पण 'माझा असलेला नंबर दुसऱ्याच्या नावावर गेला आहे' ही आमची तक्रार टाकायला तिथे मला रकाना सापडला नाही. आणि आत शिरायला ओटीपी लागतो, तो जाणार चोराकडे.

कोंडी फुटली ती कागदांमुळे. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६ड, शिवाय नुकत्याच लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची आणि तोतयेगिरीची कलमं. अर्जात मी दूरसंचार अधिनियम २०२३च्या कलम ४२चाही उल्लेख करायला लावला. फसवून किंवा तोतयेगिरी करून सिम मिळवणं हा त्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यातल्या हवालदारबाईंनी कलम वाचून मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यांनीच आत्याला चहा पाजला, हेही सांगायला हवं.

त्याच दिवशी दोन्ही कंपन्यांना लेखी तक्रार. फोनवर शंभरदा बोलण्यापेक्षा तक्रारीचा डॉकेट नंबर घेणं महत्त्वाचं, कारण त्याशिवाय वरच्या पायरीवर, म्हणजे कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येत नाही. नव्या कंपनीला लिहिलेल्या पत्रात आम्ही नंबर परत मागितला नाही, सुरुवातीला मागायचाच नाही असं ठरवलं. फक्त म्हटलं: ६ ऑगस्टला ज्या ग्राहकाचा फॉर्म भरून घेतला त्याची पुन्हा पडताळणी करा, हा नंबर गुन्ह्यात वापरला गेला आहे, सोबत तक्रारीची प्रत. पडताळणी ही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे, ती ते टाळू शकत नव्हते.

पोलिसांच्या पत्रानंतर फॉर्म निघाला. त्यावर आत्याचं नाव नव्हतंच. सोलापूर जिल्ह्यातल्या एका बावीस वर्षांच्या मजुराचं नाव, त्याचा फोटो, त्याचा अंगठा. त्याने जुलैमध्ये अशाच एका छत्रीखाली स्वतःसाठी सिम घेतलं होतं. "पहिला अंगठा नीट उमटला नाही, परत ठेव" म्हणून त्याच्याकडून एकापेक्षा जास्त वेळा अंगठा घेतला होता. त्याच्या नावावर आणखी तीन नंबर चालू होते, त्याला एकाचाच पत्ता. म्हणजे या प्रकरणात दोन माणसं लुटली गेली, एक अडुसष्टची, एक बाविशीचा, आणि दुसऱ्याच्या तर दारात पोलीस येऊन उभे राहिले. सिम विकणाऱ्यांची नोंदणी १ डिसेंबर २०२३पासून सक्तीची झाली आहे, नोंदणी नसलेल्याकडून विकून घेतलं तर कंपनीला दहा लाखांचा दंड आहे. छत्री ज्यांच्या नावाने लागली होती त्या विक्रेत्यापर्यंत पोलीस पोचले, पोरं सापडली नाहीत.

नंबर २८ ऑगस्टला बंद झाला आणि १६ सप्टेंबरला, हमीपत्र आणि प्रत्यक्ष हजेरीनंतर, आत्याच्या नावाने सुरू झाला. सिम अर्थातच नव्या कंपनीचं. मधल्या काळात बँकेत पासबुक आणि सही दाखवून दुसरा नंबर जोडला, आधार केंद्रावर बोटं टेकवून तिथेही तोच. हे आम्ही पहिल्याच आठवड्यात केलं, कारण नंबर परत येईलच याची खात्री नव्हती.

बँकेला लिहिलेली चार वाक्यं

बँकेने पहिलं उत्तर तीन दिवसांत दिलं: व्यवहार बरोबर ओटीपी आणि पिन वापरून झाले आहेत, जबाबदारी ग्राहकाची. इथेच बरीच माणसं गप्प बसतात.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक मी छापून काढलं आणि आत्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यात ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणजे काय ते दिलं आहे, पिन-पासवर्डसारखी माहिती स्वतः देणं. आत्याने ती कुणालाच दिली नव्हती, तिचा पिन चोराने वापरलाच नाही, नवा बसवला. बँकेची चूक नसली आणि ग्राहकाचीही नसली, तरी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

पत्र आत्याने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं. चार वाक्यं होती. "माझा नंबर ९ ऑगस्टच्या रात्री माझ्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर गेला, त्याचा कागद जोडला आहे. तुमच्या सूचनेचे मेसेज १० आणि ११ तारखेला चोराच्या फोनवर गेले, मला एकही मिळाला नाही. मी १२ तारखेला, बँक उघडल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी, कळवलं आहे. यात माझी चूक कोणती ते मला लिहून द्यावं."

शेवटच्या वाक्याचं लेखी उत्तर बँकेने कधीच दिलं नाही. परिपत्रकाप्रमाणे दहा कामाच्या दिवसांत तात्पुरती जमा व्हायला हवी होती, ती झाली नाही. तीस दिवस उलटल्यावर आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार केली, तेच पत्र, १९००चा तपशील आणि पोलिसांची प्रत जोडून. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६५,५०० रुपये खात्यात आले. अडकलेले ३१,५०० कोर्टाच्या आदेशानंतर सुटले, त्याला जानेवारी उजाडला.

हे जमलं नसतं तर आणखी एक दार होतं, त्याची माहिती आपल्या राज्यात असायला हवी त्यापेक्षा फार कमी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६खाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. बँक आणि मोबाईल कंपनी दोघांनाही तिथे एकत्र उभं करता येतं. आणि मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

१ जुलै २०२४पासून पोर्टिंगच्या नियमात एक बदल झाला होता, आत्याच्या प्रकरणाच्या पाच आठवडे आधी: सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर पळवण्याचा रस्ता त्याने अडवला. चांगलाच बदल आहे. पण आत्याच्या बाबतीत सिम बदललंच नव्हतं, फोन तिचा, सिम तिचं, बोट फक्त दुसऱ्याचं. अमेरिकेत तिथल्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये नियम केला की कंपन्यांनी ग्राहकाला नंबर कुलूपबंद ठेवण्याची सोय फुकट द्यावी, कुलूप काढल्याशिवाय पोर्टिंग नाही. आत्यासारखी माणसं, जी एकोणीस वर्षांत एकदाही कंपनी बदलत नाहीत, ती असं कुलूप पहिल्या दिवशी लावतील. नाहीतर निदान दोन्ही कंपन्यांच्या कागदांवरचं नाव एकमेकांशी जुळवून पाहा. एवढं झालं असतं तर सोलापूरच्या त्या मुलाचा अंगठा आणि मिरजेच्या बाईचा नंबर एका फॉर्मवर आलेच नसते.

एकदा पोर्ट झालेला नंबर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. त्यामुळे दिवाळीपर्यंत आत्या तिने कधीही न निवडलेल्या कंपनीचं रिचार्ज भरत राहिली. मी म्हटलं, असू दे ना, रेंज बरी आहे. ती नाही म्हणाली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिरजेत होते. ओट्यावर चहा उकळत होता. आत्याने चष्मा लावला, एका बोटाने एकेक अक्षर टाकत 'पोर्ट' लिहिलं, पुढे आपला नंबर, आणि १९००ला पाठवला. कोड आला तो तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेनाने उतरवून घेतला. मग दुकानात आम्ही दोघी गेलो. काउंटरवरचा मुलगा हात पुढे करून म्हणाला, "आजी, फोन द्या जरा, बघतो." आत्याने फोन दोन्ही हातांत धरला, स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि म्हणाली, "इथूनच वाच बाळा. काय दाबायचं ते सांग, मी दाबते."